केसांत राहिलेली काळजी



"काळजीनं केस पिकले" असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. केस पिकण्यात वयाचा आणि आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. पण काळजीची नोंद केसांत राहते, हे मात्र खरे आहे. फक्त ती रंगात शोधायची नाही, केसाच्या आत शोधायची.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक लहान ग्रंथी असते. भीती, दगदग, चिंता आली की ती कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात सोडते. ते शत्रू नव्हे. त्याच्यामुळेच संकटात अंगात बळ येते. संकट टळले की ते उतरले पाहिजे. महिनोन् महिने चढलेलेच राहिले, तर रक्तदाब आणि साखर वाढते, झोप बिघडते.

रक्तातले कॉर्टिसॉल सकाळी जास्त, रात्री कमी असते. सुई टोचण्याच्या धास्तीनेही ते वाढते. म्हणून रक्ततपासणी त्या घटकेपुरते सांगते. केस मात्र महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना थोडे कॉर्टिसॉल आत धरून ठेवतो. डोक्याच्या मागून, कातडीलगत कापलेल्या बारीक बटेचे मुळाकडचे तीन सेंटिमीटर म्हणजे मागचे तीन महिने. लांब केसांच्या टोकावर विसंबता येत नाही, कारण धुण्याने आणि कलप लावण्याने ते द्रव्य कमी होते. केसांवर भांडी देणारीसाठी आपण फणीतला गुंता साठवतो, तोही इथे निरुपयोगी. मूळ कुठले, टोक कुठले, तेच कळत नाही.

इस्रायलमध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या पुरुषांचे केस तपासले, तेव्हा झटक्याआधीच्या तीन महिन्यांत त्यांचे कॉर्टिसॉल इतर रुग्णांपेक्षा जास्त आढळले. जर्मनीत दीर्घकाळ बेकार असलेल्यांच्या केसांतही तेच दिसले. २०१७ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. सततच्या ताणाखाली जगणाऱ्या गटांत हे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी जास्त निघाले. ताण अजून चालूच असेल तर ४३ टक्क्यांनी. त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट दिसली. "तुम्हाला ताण वाटतो का?" या प्रश्नाचे उत्तर आणि केसातले प्रमाण यांचा नीट मेळ बसला नाही.

भिवंडीच्या घरांत हे समजायला प्रयोगशाळा नको. बारा बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा मागांचा खडखडाट, मीटरवर मोजली जाणारी मजुरी, सूत महागले की बंद पडणारे लूम. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा पत्र्याखाली झोपायला धडपडतो आणि बाई पोरांना गप्प करत कांड्या भरते. विचारले तर दोघेही म्हणतात, "आम्हाला कसलं टेन्शन?" मागावर ताणा फार ओढला की सूत तुटते, हे विणकराला सांगावे लागत नाही. स्वतःच्या शरीराबाबत मात्र तो हे विसरतो.

१९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा झाला. बाबासाहेब तेव्हा केंद्रात मजूर खाते सांभाळत होते. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, लाड नव्हे, हे त्यातून शिकायचे.

कुणी केस तपासून "तुमचा ताण सांगतो" म्हणत पैसे मागू लागला तर देऊ नका. ही तपासणी अजून मुख्यतः संशोधनाची आहे. स्टिरॉइडची औषधे आणि मलमे यांनीही तिचे उत्तर बदलते, आणि फार मोठा आघात सोसलेल्या काहींत कॉर्टिसॉल उलट कमीच सापडते. त्यापेक्षा साधे उपाय करा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. रात्रपाळीवाल्याला सलग सहा-सात तास झोप मिळेल अशी घराची वेळ लावा. कर्जाची गोष्ट नवरा-बायकोने एकत्र बसून बोला. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर लाजू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

आज रात्री जेवताना घरच्या माणसाला एवढेच विचारा, "झोप लागते का नीट?" आणि तो "काही नाही" म्हणाला, तरी पुन्हा एकदा विचारा.