निमिषभराचं आकाश

ध्रुवबाळाला अढळपद मिळालं ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. गंमत अशी, की खुद्द ध्रुवतारा साधारण दर चार दिवसांनी किंचित उजळतो आणि किंचित मंदावतो. आकाश म्हणजे शांत, न बदलणारं काहीतरी, ही समजूत मात्र आपल्या मनात घट्ट बसली आहे. मोठमोठ्या दुर्बिणी बांधणाऱ्यांच्या डोक्यातूनही ती पुरती गेलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रॅब नेब्युलाचंच घ्या. चिनी निरीक्षकांनी १०५४ साली ज्या ताऱ्याचा स्फोट नोंदवला, त्याचे हे अवशेष. त्यांच्या मधोमध एक अंधूक तारा आहे. स्फोटानंतर उरलेला तारा तो हाच असावा, असं बाडे आणि मिंकोव्स्की यांनी १९४२ मध्येच सुचवलं होतं. तेव्हा जगातली सर्वांत मोठी, माउंट विल्सनची शंभर इंची दुर्बीण त्यांच्या हाताशी होती. पण फोटोची काच बराच वेळ उघडी ठेवायची, म्हणजे त्या वेळातला सगळा प्रकाश एकत्र साचायचा आणि तारा दिसायचा एक साधा, स्थिर ठिपका.

१९६८ मध्ये रेडिओ दुर्बिणींना तिथे स्पंदक, म्हणजे पल्सार सापडला. मग जानेवारी १९६९ मध्ये कॉक, डिस्नी आणि टेलर या तिघांनी अ‍ॅरिझोनातल्या अवघ्या ३६ इंची दुर्बिणीला प्रकाश झटपट मोजणारं यंत्र जोडलं. तो 'स्थिर' ठिपका सेकंदाला तीस वेळा लखलखत होता! पल्सारच्या शोधातल्या जोसेलिन बेल बर्नेल एक किस्सा सांगतात. पन्नाशीच्या दशकात शिकागो विद्यापीठाच्या दुर्बिणीतून एका बाईंनी हा तारा पाहिला आणि 'हा लुकलुकतोय' म्हणाल्या. हवेमुळे सगळेच तारे लुकलुकतात, असं तिथल्या खगोलशास्त्रज्ञानं त्यांना समजावलं. बाई वैमानिक होत्या. हवेनं होणारं लुकलुकणं मला ठाऊक आहे, हे वेगळं आहे, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. पण ऐकतो कोण?

मग छोट्या दुर्बिणीनं भागतंच की, असं कुणी म्हणेल. नाही भागत. आपल्या गोव्याच्या पावसात तासभर वाटी ठेवली तर ती भरेलच. पण एका निमिषात किती पाऊस पडला हे मोजायचं तर घंगाळ लागेल. सेकंदाच्या हजाराव्या भागात अंधूक ताऱ्याकडून येणारे प्रकाशकण इतके थोडे असतात, की आरसा जितका मोठा तितकं बरं. ला पाल्मा बेटावरच्या १०.४ मीटरच्या दुर्बिणीचा आरसा त्या ३६ इंचीपेक्षा शंभरपटींहून जास्त प्रकाश गोळा करतो. तिच्यावर २०१८ मध्ये बसवलेला हायपरकॅम हा कॅमेरा पाच रंगांत एकदम, सेकंदाला हजाराहून अधिक चित्रं टिपू शकतो. त्याचा थोरला भाऊ अल्ट्राकॅम. तो २००५ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवर बसला, पण पाहुणा म्हणून. काम झालं, निघाला!

माझा आक्षेप आहे तो या पाहुणेपणाला. एआर स्कॉर्पी नावाचा तारा घ्या. सत्तरच्या दशकापासून तो एक साधा, एकटा रूपविकारी तारा म्हणून नोंदलेला होता. काही हौशी निरीक्षकांना त्याचं वागणं खटकलं, आणि मग वेगवान कॅमेरे लावल्यावर २०१६ मध्ये जाहीर झालं, की ती जोडी आहे. त्यातला श्वेत बटू तारा आपल्या सोबत्याला सुमारे दर दोन मिनिटांनी किरणांचा फटका देतो, आणि ती जोडी तीस सेकंदांत चौपटीपर्यंत उजळते. असे आणखी किती तारे 'साधे' म्हणून वह्यांत पडून असतील?

आता चिलीतच ३९ मीटरची ईएलटी उभी राहते आहे. व्हीएलटीच्या एका आरशाच्या जवळजवळ वीसपट प्रकाश. तिच्या पहिल्या उपकरणांत झपाट्यानं चित्रं घेण्याची सोय आहे, पण ती दुसऱ्या कामाच्या पोटात. फक्त याच कामासाठी असं एकही उपकरण नाही. रंगीत चित्रं वर्तमानपत्रांत छापून येतात, आलेख येत नाहीत, हेही एक कारण असावं, अशी मला शंका आहे.

तीस मीटर दुर्बिणीच्या प्रकल्पात भारतही भागीदार आहे. तिचं घोडं हवाईतल्या जागेच्या वादात अडलं आहे. पण उपकरणांची यादी ठरते ती दुर्बीण उभी राहण्याच्या कितीतरी आधी. नारायणगावजवळच्या जीएमआरटीवर पल्सारांचा माग काढणारी मंडळी आपल्याकडे आहेत. त्यांनी तिथे कायमच्या वेगवान कॅमेऱ्याची मागणी आत्ताच लावून धरायला हवी.