जुगाडाचं कौतुक पुरे झालं

हल्ली ‘जुगाड’ या शब्दाचं फार कौतुक चाललंय. व्यवस्थापन शिकवणारे त्यावर पुस्तकं लिहितात, मोबाइलवर फोटो फिरतात आणि खाली ‘बघा आपलं भारतीय डोकं!’ असं लिहिलेलं असतं. मी जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे शब्द कुठे कसा वापरला जातो याकडे लक्ष जातंच. या एका शब्दाच्या पिशवीत आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक म्हणजे अडचणीतून काढलेली वाट आणि दुसरी म्हणजे कामातली चुकवाचुकवी. पहिलीचं कौतुक करता करता दुसरी खपवून घ्यायची सवय आपल्याला लागली आहे.

हे आत्ता सुचायचं कारण माझ्या भाच्याची जीप. जुनी एमएम ५४०. सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर चिखलात, ओढ्यात, दगडगोट्यांत घालायची, हा त्याचा छंद. त्यासाठी मोठे टायर घातले, पाटे बदलून गाडी उचलली, गिअरबॉक्सही दुसरा बसवला. आता इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा जो फिरता दांडा असतो, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, तो आखूड पडला. या मापाचा शाफ्ट दुकानात मिळत नाही, करूनच घ्यावा लागतो. यावर आमच्या घरातल्या जाणत्या मंडळींचा सल्ला काय? “पाइपच तर आहे. मधे कापायचा, तुकडा घालायचा, वेल्डिंग मारायचं. जुगाड!”

माझं भांडण या वाक्याशी आहे.

माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो. भाच्याला मी त्याच्याकडे पाठवलं, आणि कुतूहल म्हणून स्वतःही गेले. त्याने आधी पाइपला हातच लावला नाही. गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी करून माप घेतलं. मग चाकं लोंबकळती ठेवून घेतलं. मग पाटे पूर्ण दाबून घेतलं. मी विचारलं, “अरे, तीनदा कशाला?” तो म्हणाला, “बाई, खड्ड्यात चाक वरखाली होतं तसं हे अंतर बदलतं. शाफ्टच्या एका टोकाला सरकता सांधा असतो तो त्यासाठीच. शाफ्ट लांब झाला तर दबल्यावर गिअरबॉक्सचं बेअरिंग फोडेल. आखूड झाला तर सांध्यातून निसटेल.”

मग क्रॉसचे जॉइंट. याला कार्दानचा सांधाही म्हणतात, सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्दानोवरून. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकनेही त्याचा अभ्यास केला. या सांध्याची खोड अशी की तो वाकलेल्या कोनात फिरला की पुढचा दांडा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि शाफ्टवरचे दोन्ही योक एका रेषेत असले, तरच एका सांध्याची खोड दुसरा सांधा झाकतो. गाडी उचलली की हे कोन वाढतात, म्हणजे खोडही वाढते. शतकानुशतकं माहीत असलेली ही गोष्ट ‘वेल्डिंग मारायचं’ या दोन शब्दांत कुठे बसते?

भाच्याने याआधी दुसऱ्या गावी एका ठिकाणी शाफ्ट करून घेतला होता. अर्ध्या तासात मिळाला. योक एकमेकांना तिरपे होते. काळा रंग मात्र झकास दिला होता. चाळीसच्या पुढे गाडी थरथरायला लागायची. तक्रार केली तर म्हणे, “जुनी जीप आहे, थरथरणारच.”

आता थोडं गणित. बीए झालेल्या बाईलाही जमेल इतकंच. टायरचा व्यास २९ इंच आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर पाच धरलं, तर ताशी ६० किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला सुमारे २१६० वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला ३६ फेरे. मध्यापासून चार सेंटिमीटरवर नुसतं २० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त राहिलं, तर त्या वेगात ते सुमारे चार किलोच्या जोराने शाफ्टला बाहेर ओढतं. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट. म्हणून डायल लावून पाइप सरळ आहे का ते बघायचं, म्हणून बॅलन्सिंग करायचं. शिवाय दांडा जितका लांब, तितका तो कमी वेगातच धनुष्यासारखा वाकायला लागतो. लांबी दीडपट झाली तर तो धोक्याचा वेग निम्म्याहूनही खाली येतो. नुसता तुकडा घालून भागत नाही, कधी पाइपच जाड व्यासाचा घ्यावा लागतो.

आणि तुटला तर? घाट उतरताना मागचा शाफ्ट तुटला की इंजिनाचा अटकाव मागच्या चाकांपर्यंत पोचत नाही. जुन्या विलीस घडणीच्या जीपमध्ये तर हँडब्रेकसुद्धा गिअरबॉक्सच्या बाजूला, शाफ्टच्या मुळाशी असतो. शाफ्ट गेला की मागच्या चाकांपुरता तोही गेला. वर तुटका दांडा गाडीखाली गरगरत जे सापडेल ते झोडपतो. आत आपलीच पोरं बसलेली असतात.

यावर दोन उत्तरं ठरलेली. पहिलं, “ट्रकवाले वर्षानुवर्षं असंच करतात.” नाही हो! चांगला फिटर शाफ्ट खोलताना दोन्ही भागांवर खूण करतो आणि जोडताना ती जुळवतो. ते तुम्ही पाहिलेलं नाही इतकंच. दुसरं, “हे सगळं बेकायदाच आहे, मग चांगलं काय नि वाईट काय?” मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. रस्त्यावर न्यायची गाडी असेल तर आधी आरटीओत विचारा, हे मी भाच्यालाही बजावलं आहे. पण खासगी जमिनीवर चालणाऱ्या गाडीतसुद्धा माणसंच बसतात.

खरी गोम पैशांत आहे. टायर, दिवे, विंच यांच्या किमती ही मंडळी अभिमानाने सांगतात. आणि शाफ्टच्या कारागिराने दोन दिवसांची मजुरी मागितली की, “एवढे कसले? पाइपचे?” पैसे पाइपचे नसतात, तीनदा घेतलेल्या मापाचे असतात. त्याच्या कामाला जुगाड म्हटलं की त्याची मजुरी पाडायला आपण मोकळे, आणि अर्ध्या तासात रंग फासून देणारा त्याच्याच पंगतीत बसायला मोकळा.

तेव्हा मंडळी, शाफ्ट करायला द्याल तिथे तीन प्रश्न विचारा. माप गाडीवर घेणार का? योक एका रेषेत बघणार का? बॅलन्सिंग करणार का? तिन्हींना ‘हो’ म्हणणारा भेटला तर मागेल ते पैसे द्या. आणि कृपा करून त्याच्या कामाला जुगाड म्हणू नका. मराठीत त्याला कारागिरी हा चांगला शब्द आहे.