निवडणूक, मिंबर आणि आपले उलेमा

लोकसभेची निवडणूक असो की विधानसभेची, मतदानाला चार-पाच दिवस उरले की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक कागद फिरू लागतो. वर एखाद्या संघटनेचे किंवा मौलानांचे नाव, खाली उमेदवारांची यादी. अमुक मतदारसंघात अमुकला मत द्या. दुसऱ्या दिवशी तोच कागद इतरांच्या ग्रुपवर पोहोचतो आणि तिथे त्यावर मथळा वेगळा असतो: "बघा, यांचे मत मशिदीत ठरते." निकाल लागतो, कागद विसरला जातो. मतदानाच्या दिवशी ओळखपत्र हातात घेऊन केंद्रावर गेलेली आणि यादीत नाव नाही म्हणून परत आलेली आपली म्हातारी माणसं मात्र कोणाच्याच यादीत नसतात.

देशाची निवडणूक शांततेत आणि न्याय्य पद्धतीने व्हावी यासाठी धर्मगुरूंनी काय करावे, हा प्रश्न सगळ्याच धर्मांच्या समाजांपुढे आहे. आम्ही तो आपल्या घरापासून विचारू इच्छितो. आमचे म्हणणे थोडक्यात असे: इमाम आणि उलेमा यांच्या शब्दाला वजन असते ते त्यांच्यामागे सगळ्या पक्षांचे लोक नमाज पढतात म्हणून. एका उमेदवाराचे नाव घेतले की ते वजन खर्च होते. आणि निवडणुकीत जी खरी कामे पडलेली आहेत, त्यांना तेच वजन लागते.

कायदा काय सांगतो?

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ 'भ्रष्ट आचरण' कशाला म्हणायचे ते ठरवते. धर्माच्या नावावर मत मागणे त्यात येतेच. पण त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. अमुकला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल, अशी भीती मतदाराच्या मनात घालणे हासुद्धा मतदारावर टाकलेला गैरवाजवी दबाव मानला जातो. उमेदवाराने, त्याच्या एजंटने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी हे केले, तर जिंकलेली निवडणूक रद्द होऊ शकते.

२ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने अभिराम सिंह खटल्यात चार विरुद्ध तीन अशा बहुमताने हा अर्थ आणखी रुंद केला. उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माचा आधार घेऊन मत मागणेही चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. शिवाय धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा १९८८ चा कायदा आहे. धार्मिक जागेत राजकीय प्रचार होऊ दिला तर संस्था चालवणारे, म्हणजे आपले ट्रस्टी, अडचणीत येतात. आदर्श आचारसंहितेतही मशीद, मंदिर, चर्च यांचा प्रचारासाठी वापर करू नये असे स्पष्ट लिहिले आहे.

कायदा सगळ्यांना सारखा लागतो का, अशी शंका अनेकांच्या मनात आहे आणि ती अगदीच निराधार नाही. पण महाराष्ट्रातच त्याचे ठळक उदाहरण आहे. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून डॉ. रमेश प्रभू यांची आमदारकी गेली. बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क १९९९ मध्ये सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. कायद्याचा आग्रह आपण इतरांसाठी धरणार असू, तर आपला मिंबर त्या कायद्याच्या आत असला पाहिजे.

दिल्लीच्या जामा मशिदीचा अनुभव

१९७७ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीचे शाही इमाम अब्दुल्ला बुखारी आणीबाणीच्या विरोधात उभे राहिले. नसबंदीची सक्ती आणि तुर्कमान गेटची तोडफोड लोकांनी सोसली होती. त्यामुळे इमामांच्या आवाजात लोकांना आपलाच आवाज ऐकू आला. १९८० मध्ये मात्र तोच पाठिंबा इंदिरा गांधींकडे गेला. २००४ मध्ये त्यांचे वारस अहमद बुखारी यांनी भाजपला मत देण्याचे आवाहन केले आणि वाजपेयी सरकार पडले. २०१४ मध्ये आवाहन काँग्रेससाठी होते. काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या.

यात कोणाची थट्टा करायची नाही. हिशेब साधा आहे. १९७७ चा शब्द एका अन्यायाविरुद्ध होता, म्हणून तो चालला. पुढचे शब्द एकेका पक्षासाठी होते. दर निवडणुकीला पक्ष बदलत गेला, तसा ऐकणारा कमी होत गेला. आज असे आवाहन आले की मतदार ते वाचतो आणि आपल्या मनाप्रमाणे मत देतो. राजकीय पक्षांना मात्र अजूनही वाटते की एका इमामाला भेटले की मोहल्ला खिशात. मग मोहल्ल्यातली शाळा, पाणी, रोजगार यांवर बोलायची त्यांना गरज उरत नाही. यात तोटा कोणाचा?

केनियाने भोगले, नायजेरिया शिकला

हा अनुभव आपल्याच देशाचा नाही. आफ्रिकेतल्या दोन देशांत ख्रिस्ती आणि मुस्लिम दोन्ही धर्मगुरूंची कसोटी लागली, आणि तिथून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

केनियात २७ डिसेंबर २००७ ला मतदान झाले. त्याच्या चार महिने आधी मुस्लिम नेत्यांच्या एका मंचाने विरोधी उमेदवार रायला ओडिंगा यांच्याशी लेखी करार केला होता. त्या कराराची खोटी आवृत्ती बाजारात आली, शरियतचे राज्य येणार अशी भीती पसरवली गेली. चर्चचे नेतेही आपापल्या जमातींच्या उमेदवारांमागे उभे होते. निकालावरून भडका उडाला तेव्हा मध्ये पडून "थांबा" म्हणायला सर्वांना मान्य असलेला माणूस धर्मगुरूंमध्ये सापडेना. ११०० हून अधिक लोक मेले, लाखो बेघर झाले. एल्डोरेटजवळ आसऱ्याला गेलेल्या लोकांसह एक चर्च पेटवले गेले. फेब्रुवारी २००८ मध्ये तिथल्या चर्चच्या राष्ट्रीय परिषदेने, आम्ही पक्षपाती झालो, अशी देशाची जाहीर माफी मागितली. माफी मोठ्या मनाची होती, पण उशिराची होती.

नायजेरियात २०११ च्या निवडणुकीनंतर उत्तरेत तीन दिवसांत ८०० हून अधिक माणसे मारली गेली. २०१५ मध्ये तसे पुन्हा होऊ नये म्हणून मतदानाआधीच तयारी झाली. जानेवारीत अबुजा येथे राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी मुहम्मदू बुहारी यांनी शांततेच्या करारावर सह्या केल्या. त्यावर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय शांतता समितीचे प्रमुख होते माजी लष्करी शासक अब्दुलसलामी अबुबकर. सोबत सोकोतोचे सुलतान, म्हणजे तिथल्या मुस्लिमांचे सर्वोच्च नेते, आणि कॅथलिक बिशप मॅथ्यू कुकाह. या मंडळींनी कोणाला मत द्या हे सांगितले नाही. दोघांकडूनही एकच शब्द घेतला: प्रचारात धर्म-जमातीची आग लावायची नाही आणि हिंसा करायची नाही. ३१ मार्चला जोनाथन यांनी बुहारींना फोन करून पराभव मान्य केला. सत्तेवरचा राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत हरण्याची नायजेरियातली ती पहिली वेळ. एका कराराने सगळे साधले असे कोणी म्हणणार नाही. पण हरणाऱ्याला हार मानणे सोपे जावे असे वातावरण आधीपासून तयार होते.

आपल्याकडचे चित्र

आता महाराष्ट्राकडे येऊ. २०२४ च्या लोकसभेत धुळे मतदारसंघात भाजपचे सुभाष भामरे पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते. मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी मिळाली आणि त्या चार हजारांहून कमी मतांनी जिंकल्या. हे मत उन्हात रांगा लावून, कायद्याने दिलेले होते. तरी त्याला 'व्होट जिहाद' असे नाव दिले गेले. एखाद्या जातीने किंवा गावाने एकगठ्ठा मत दिले तर ती त्यांची राजकीय जाण, आणि मालेगावने दिले तर जिहाद? हा शब्द चुकीचा आहे आणि तो वापरणाऱ्यांना तसे ठणकावून सांगितले पाहिजे.

पण त्याच वर्षी विधानसभेच्या वेळी मौलाना सज्जाद नोमानी यांनी महाविकास आघाडीच्या उमेदवारांना पाठिंबा देणारी यादी जाहीर केली आणि प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत महागाई, शेतमालाचा भाव, नोकऱ्या बाजूला पडून मौलानाच चर्चेचा विषय झाले. नागरिकाचे मत म्हणून जे मांडायचे होते, ते 'मशिदीचे मत' म्हणून रंगवायला विरोधकांना आयते साधन मिळाले.

यावर काहीजण म्हणतात, "इतर धर्मांचे बाबा-महाराज उघड प्रचार करतात, मग आमच्याच मौलानांनी गप्प का बसायचे?" प्रश्न रास्त आहे. लोकसभेत महाराष्ट्राच्या ४८ जागांवरून २०२४ मध्ये एकही मुस्लिम खासदार निवडून गेला नाही, ही खंतही खरी आहे. पण गप्प बसा असे आम्ही म्हणतच नाही. नागरिक म्हणून कोणत्याही आलिमला आपले मत आहे. उमेदवारांची कामगिरी तपासणे, पक्षांना तिकिटाबद्दल जाब विचारणे हे काम समाजातले वकील, शिक्षक, कार्यकर्ते, संघटना यांनी जरूर करावे. मिंबर मात्र मागे बसलेल्या प्रत्येक नमाजीची अमानत आहे.

मग उलेमांनी करायचे काय?

पहिले काम यादीचे. ओळखपत्र आहे म्हणजे मत आहे, असा आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. यादीत नाव नसेल तर ओळखपत्राचा उपयोग नाही. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली. ती नावे कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. पुढच्या टप्प्यात गोव्याचाही समावेश झाला. म्हणून नवे नाव घालायला नमुना ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायला नमुना ८, आणि कोणी नाव वगळायला नमुना ७ भरला असेल तर नोटिशीला वेळेत उत्तर, एवढे तरी घराघरात माहीत हवे. खोटी माहिती देऊन कोणाचे नाव काढायला लावणे हा १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली गुन्हा आहे, हेही सांगावे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा वर्षातून चार तारखांना १८ पूर्ण करणाऱ्यांची नोंद होते. जुम्याच्या बयानानंतर दोन मिनिटे पुरतात. ही माहिती देणे म्हणजे प्रचार नव्हे.

आपल्या नावांचा घोळ तर ठरलेला. शेख कुठे 'शेक', सय्यद कुठे 'सैयद', आधारवर एक आणि यादीत दुसरेच. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत पडून असते. मशिदीत बायका येत नसतील तिथे मक्तबच्या मुलांमार्फत, महिलांच्या इज्तिमात ही माहिती पोहोचवावी. केंद्रावर पर्दानशीन मतदाराची ओळख महिला कर्मचाऱ्याकडून पटवून घेण्याची सोय असते, तेव्हा संकोच करायचे कारण नाही.

दुसरे काम मतदानाच्या दिवसाचे. २०२४ मध्ये १९ आणि २६ एप्रिल हे पहिले दोन्ही टप्पे शुक्रवारी आले. विदर्भ-मराठवाड्यातले १३ मतदारसंघ त्यात होते. केरळमधल्या मुस्लिम संघटनांनी २६ एप्रिलची तारीख बदलण्याची मागणी केली, ती मान्य झाली नाही. अशा वेळी इमामाने सांगावे: फजर झाली की रांगेत उभे राहा, जुमा त्यानंतर निवांत पढा.

तिसरे काम शांततेचे, आणि ते मतदानाच्या आठवड्यात सुरू करून होत नाही. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम शेजारी महिनोन्महिने एकत्र बसत राहिले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आज अफवा मोबाइलवरून येते, पण ती थांबवणारा माणूस ओळखीचाच लागतो. मशिदीचे इमाम आणि शेजारच्या मंदिराचे पुजारी यांच्याकडे एकमेकांचा नंबर आहे का, इथून सुरुवात व्हावी.

चौथे काम अवघड आहे. पैसे घेऊन मत देणारा आपला असला तरी त्याला टोकायचे. मतदान म्हणजे साक्ष, असे अनेक उलेमा सांगतात. सूरह निसात साक्ष देताना स्वतःच्या आणि आप्तांच्या विरोधातही न्यायावर ठाम राहण्याची शिकवण आहे. ती पाचशेच्या नोटेपुढे आठवली पाहिजे. तसेच अन्याय झाला, नावे गाळली गेली, तर उलेमांनी नुसते "शांत राहा" म्हणून थांबू नये. निवडणूक अधिकाऱ्याकडे शिष्टमंडळ न्यावे, लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. ज्या शांततेत हक्क गेलेल्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही, ती फार दिवस टिकत नाही.

पुढची लोकसभा २०२९ मध्ये आहे. आपल्या मशिदीच्या हद्दीत १८ पूर्ण केलेली किती मुले-मुली यादीत नाहीत, हे येत्या महिन्याभरात मोजता येईल. कागद, पेन आणि चार तरुण, एवढेच लागते. इमामसाहेबांनी येत्या जुम्याला एवढे जरी सांगितले तरी काम सुरू होईल.