कचेरींतला सत्यनारायण

सरकारी कचेरींत वर्षांतून एकदां सत्यनारायणाची पूजा व्हावी, दसऱ्याच्या आदल्या दिवशीं संगणकास हळदकुंकू लागावें, साहेबांच्या खुर्चीमागें एखाद्या देवाची तसबीर असावी, या गोष्टी महाराष्ट्रांत इतक्या अंगवळणीं पडल्या आहेत कीं, त्यांविषयीं शंका काढणारा मनुष्य विक्षिप्त तरी ठरतो, नाहीं तर धर्मद्वेष्टा. हीं दोन्ही विशेषणें पत्करूनही आम्हांस असें म्हणावयाचें आहे कीं, हा प्रघात राज्याच्या दृष्टीनें अनुचित आहेच. पण धर्माच्या दृष्टीनें तो त्याहूनही अनुचित आहे.

प्रथम राज्याची बाजू पाहूं. घटनासमितींत 17 ऑक्टोबर 1949 रोजीं हरि विष्णु कामत यांनीं अशी उपसूचना मांडली कीं, घटनेच्या सरनाम्याचा आरंभ ईश्वराच्या नांवानें व्हावा. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनीं तीस विरोध केला. जी गोष्ट प्रत्येकाच्या अंतःकरणाची, तींत समुदायाचें मत कोणावरही लादूं नये, हा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ. मतें मोजलीं तेव्हां उपसूचनेच्या बाजूनें 41 व विरुद्ध 68 पडलीं. पण त्याच घटनेनें मंत्र्यास शपथ घेतांना ईश्वराचें नांव घेण्याची किंवा केवळ गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची मुभा ठेविली आहे. यांतील मर्म उघड आहे. माणसास देव असूं शकतो; सरकारास तो असतां कामा नये. साहेब भाविक असोत, कारकून भाविक असो. कचेरीच भाविक होऊं लागली कीं, खिडकीपुढें दाखला मागावयास उभ्या असलेल्या माणसास आपला धर्म आठवूं लागतो. ज्या राज्यांत अर्जदारास आपला धर्म आठवावा लागतो, त्या राज्यानें समतेच्या गोष्टी बोलूं नयेत.

यावर दोन उत्तरें ठरलेलीं आहेत. पहिलें असें कीं, हा खर्च सरकारी तिजोरींतून होत नाहीं, नोकरांच्या ऐच्छिक वर्गणींतून होतो. परंतु यादीच्या माथ्यावर साहेबांचें नांव असलें म्हणजे ‘ऐच्छिक’ या शब्दांत किती अर्थ उरतो, हें ज्यानें नोकरी केली आहे त्यास सांगावयास नको. मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती किंवा नास्तिक कारकुनानें आंकडा घातला तर तो मनाविरुद्ध, न घातला तर तो सर्वांच्या डोळ्यांवर येणार. शिवाय जागा सरकारची, वीज सरकारची, आणि सर्वांत महाग वस्तु जो वेळ, तो तर लोकांचा. दुसरें उत्तर असें कीं, हा धर्म नसून संस्कृति आहे. हें उत्तर देणारांस आम्ही एवढेंच विचारतों: त्याच दालनांत, त्याच तासास, दुसऱ्या कोणी आपली संस्कृति म्हणून नमाज पढावयाचें ठरविलें, तर आपण त्यासही संस्कृतीच म्हणाल काय?

आतां धर्माची बाजू. कित्येक इमारतींच्या जिन्यांच्या कोपऱ्यांत गणपति, साईबाबा, मक्केचें चित्र, क्रूस अशा फरशा शेजारीं शेजारीं बसविलेल्या दिसतात. नवख्यास वाटावें, काय ही भक्ति! हेतु इतकाच कीं, तेथें कोणी पान खाऊन थुंकूं नये. जें काम झाडूवाला, पहारेकरी व दंडाची पावती यांनीं करावयाचें, त्यावर आम्हीं बिनपगारी देव नेमले आहेत. सर्वधर्मसमभाव आमच्या कचेऱ्यांत कोठें पूर्णपणें अंमलांत आला असेल, तर तो या थुंकीच्या कोपऱ्यांत!

सत्यनारायणाची कथा पूजेस जमलेली मंडळी लक्ष देऊन ऐकतात कीं नाहीं, याचीही आम्हांस शंका आहे. त्या कथेंतील साधुवाणी कांहीं पाखंडी नव्हता. अपत्य झाल्यास व्रत करीन असें तो बोलला. कन्या झाल्यावर बायकोनें आठवण दिली, तेव्हां तिच्या लग्नांत करूं म्हणाला. लग्न झालें तरी व्रत राहिलेंच. पुढें नावेंत काय आहे असें दंडी स्वामींनीं विचारतांच, धन लपवून त्यानें वेली व पानें आहेत म्हणून सांगितलें. त्याचे मुख्य अपराध दोन: दिलेला शब्द लांबणीवर टाकणें, आणि विचारणारास खोटें सांगणें. आतां ‘पुढल्या सोमवारीं या’ आणि, कागद खणांत पडला असतांना, ‘तो वर गेला आहे’, हीं दोन वाक्यें जेथें दिवसभर ऐकूं येतात, तेथें ही कथा लावणें म्हणजे आपल्यावरील आरोपपत्र भटजींस दक्षिणा देऊन वाचवून घेणेंच होय.

कारण सरकारानेंही व्रत घेतलेलें आहे. बदल्या व विलंब यांविषयींच्या महाराष्ट्राच्या 2005 सालच्या कायद्यान्वयें कोणत्याही शासकीय नोकराकडे प्रकरण सामान्यतः कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहूं नये. 2015 सालच्या लोकसेवा हक्क कायद्यानें ठराविक सेवा ठराविक मुदतींत मिळणें हा नागरिकाचा हक्कच केला. बंगळूरच्या विधान सौधावर, सरकारचें काम हें देवाचें काम, अशा अर्थाचें कानडी वाक्य कोरलेलें आहे. त्याचा अर्थ मुदतींत केलेलें काम हीच पूजा असा कराल, तर तो कोणत्याही धर्माच्या व कोणताही धर्म न मानणाऱ्या माणसास पटेल. पूजेसाठीं काम थांबविणें, असा कराल, तर त्यांत देवही नाहीं आणि सरकारही नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कोणी ना कोणी सरकारी नोकरींत आहे. त्यांनीं घरीं सत्यनारायण खुशाल करावा, शेजाऱ्यापाजाऱ्यांस प्रसाद वाटावा. तेथें आमची ना नाहीं. कचेरींतील तसबीर मात्र सन्मानानें घरीं न्यावी, आणि रिकाम्या झालेल्या भिंतीवर सेवांच्या मुदतींचा तो फलक लावावा, जो लावणें कायद्यानें बंधनकारक आहे व जो पुष्कळदां कपाटामागें झांकलेला असतो. खेड्याहून एस.टी.नें सातबाऱ्यासाठीं आलेल्या म्हातारीस त्या दिवशीं ‘आज पूजा आहे, उद्यां या’ हें ऐकावें लागलें नाहीं, तर देव आपल्या कचेरींतून गेला अशी तक्रार ती खास करणार नाहीं.