हुरॉनकाठच्या गप्पा : आधी वाट कुणाची?

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्याकडे साताऱ्याहून अण्णा आले होते. अण्णा म्हणजे आमचे तीर्थरूप. वय वर्षं शहात्तर, निवृत्त संस्कृत शिक्षक, आणि रोज पहाटे दोन मैल चालून आल्याशिवाय चहाला हात न लावणारे. आल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना गॅलप पार्कला नेलं. हुरॉन नदी, पाण्यात बदकं, काठाकाठानं गुळगुळीत डांबरी पायवाट. अण्णा खूश! "अरे, कृष्णाकाठची आठवण झाली बघ," असं ते म्हणताहेत तोच मागून आवाज आला, "ऑन युवर लेफ्ट!"

आता ज्या माणसानं उभं आयुष्य रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालण्यात घालवलं, त्याला कुणी "लेफ्ट" म्हणून ओरडलं तर तो काय करणार? अण्णांनी डावीकडे टुणकन उडी मारली. सायकलवाला बिचारा गवतात गेला, अण्णा गुडघ्यांवर आले, आणि आमच्या सौ.ची किंकाळी ऐकून बदकं उडाली. नशिबानं तळहात खरचटण्यावर निभावलं. सायकलवाला खाली उतरून दहा वेळा चौकशी करून गेला. घरी हळद लावून घेताना अण्णा म्हणाले, "मी तर त्याचं ऐकलं रे! आज्ञाधारकपणाची शिक्षा भोगलेला मी पहिलाच मास्तर असेन."

आम्ही हसलो, पण मनातून चरकलो. अण्णा जोरात आपटले असते तर? भारतातून येणाऱ्या आपल्या आईवडिलांना आपण काय काय शिकवतो! मायक्रोवेव्ह कसा लावायचा, नऊ-एक-एक कधी फिरवायचा, फोडणी देताना पंखा का सुरू ठेवायचा. पण रोज फिरायला जाणाऱ्या माणसाला चालायचं कसं, हे बावीस वर्षं इथं राहून आम्हाला सांगायचं सुचलं नव्हतं.

शेवटी आमच्या तेरा वर्षांच्या कन्येनं आजोबांची शिकवणी घेतली. "आजोबा, तो तुम्हाला डावीकडे जा म्हणत नव्हता. मी तुमच्या डावीकडून येतोय, असं सांगत होता. तुम्ही उजवीकडेच राहायचं." मग गाडी डोंगरातल्या पायवाटांवर आली. सायकलवाल्यानं चालणाऱ्याला वाट द्यायची. सायकलवाला आणि चालणारा, दोघांनीही घोड्याला द्यायची. आणि दोघे चालणारे समोरासमोर आले तर उतरणाऱ्यानं थांबायचं, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

"का बरं?" अण्णांनी विचारलं. मास्तर ना!

कारण सोपं आहे. चढणाऱ्याची नजर पायाखालच्या दोन हातांवर असते, उतरणाऱ्याला खालची वाट लांबवर दिसते. शिवाय चढणाऱ्याची एक लय लागलेली असते. मध्येच थांबलं की ती मोडते आणि पुन्हा पाय उचलायचा जिवावर येतं. म्हणून ज्याला थांबणं सोपं, त्यानं थांबायचं. चढणाऱ्यालाच दम खायचा असेल, तर तो हातानं खूण करून खालच्याला सोडतो. पण ते ठरवायचं त्यानं!

ग्रँड कॅनियनच्या ब्राइट एंजल ट्रेलवर हाच नियम आहे, आणि खेचरांचा तांडा आला तर त्याहून कडक. दरीपासून दूर, डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, खेचरवाला सांगेल ते ऐकायचं, हूं की चूं करायचं नाही, आणि शेवटचं खेचर पन्नास फूट पुढे गेल्याशिवाय वाटेवर यायचं नाही. बुजलेल्या खेचराला "एक्स्क्यूज मी" कळत नाही, वाचकहो!

अण्णांना हे पटलं. "आपल्याकडेही होतं हे. सिंहगडावर डोक्यावर दह्याची मडकी घेऊन चढणाऱ्या बायकांना आम्ही पोरं बाजूला होऊन वाट द्यायचो. कुणी शिकवलं नव्हतं." मग त्यांच्यातला संस्कृतचा मास्तर जागा झाला. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात म्हणे वाट कुणी कुणाला द्यावी याची यादीच आहे. गाडी, ओझेवाला, आजारी माणूस आणि बाई यांना सगळ्यांनी वाट द्यावी. दारूड्याला आणि वेड्यालाही द्यावी, पण ती आपल्याच भल्यासाठी!

"आणखी कुणाला?" कन्येनं विचारलं.

अण्णा जरा थांबले. मग म्हणाले, "खालच्या वर्णानं वरच्याला द्यावी, असंही त्यात आहे, बाळ. आणि नुसतं पुस्तकात नव्हतं. माणसांना वाटेवरून बाजूला काढत होते आपल्याकडे. म्हणून तर घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्या जोडीला रस्ते असा शब्द मुद्दाम लिहावा लागला. १९५० पासून ते लागू आहे. ओझं कुणाचं जड आहे ते बघून वाट द्यावी. माणूस कोण आहे ते बघून नव्हे."

कन्या विचारात पडली. मग तिनं आमच्यावरच तोफ डागली. "मग बाबा, तुम्ही का नेहमी बाजूला होता? बर्ड हिल्समध्ये आपण चढत होतो, ते लोक उतरत होते. तरी तुम्ही झाडीत जाऊन उभे राहिलात आणि वर 'सॉरी' म्हणालात! थांबायचं तर थांबा. सॉरी कशाबद्दल?"

वाचकहो, खरं सांगतो, आमच्याकडे उत्तर नव्हतं. सौ.कडे पाहिलं, तर त्या हळदीची वाटी धुवायला निघून गेल्या. तेवीस वर्षांची असताना या देशात आलेली ती आणि पंचविशीतले आम्ही. नवी भाषा, नवी नोकरी, कुणाला आपली अडचण नको, ही सवय अंगात इतकी मुरली की हक्काच्या चढावरही आम्ही अंग चोरून उभे राहतो. तो आम्हाला सभ्यपणा वाटतो. लेकीला तो तसा दिसत नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती पुढच्याच महिन्यात दिसली. आपली काही कुटुंबं मिळून पिंकनीला पोटावाटोमी ट्रेलवर गेलो होतो. ही जवळजवळ सतरा मैलांची वळसा घेणारी वाट आहे. सायकलींनी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं जायचं आणि चालणाऱ्यांनी उलट, म्हणजे दोघं एकमेकांना समोरून दिसतात. आम्ही काही सगळी वाट चालणार नव्हतो. थेपले आणि चिवडा संपेपर्यंत जेवढं होईल तेवढं!

तर आम्ही तेवीस जण एका उतारावरून निघालो. चौघं चौघं शेजारी, गप्पा रंगलेल्या, अंताक्षरी 'म'वर अडलेली. खालून एक वयस्कर बाई दोन काठ्या टेकत चढत होत्या. त्या थांबल्या. बाजूला झुडपांत सरकल्या आणि आमच्यातला शेवटचा माणूस जाईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. हसून "हॅव अ गुड डे" म्हणाल्या. आम्हीही म्हणालो. कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. पुढे गेल्यावर कन्या हळूच म्हणाली, "आजोबा, मी मोजले. तेवीस. आणि त्या उभ्या होत्या तिथं पॉयझन आयव्ही होती."

तीन-तीन पानांची ती वेल इथल्या लोकांना चांगलीच ठाऊक आहे. अंगाला लागली की खाजवून जीव नको होतो. अण्णा मागे वळले, पण त्या बाई केव्हाच वर गेल्या होत्या.

परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. आम्ही एकटे असलो की अंग चोरतो आणि तेवीस जण असलो की अख्खी वाट व्यापतो. दोन्ही वेळा समोरच्या माणसाकडे पाहायचं राहूनच जातं. पायवाटेचा नियम तेवढंच मागतो. मान वर करा, कोण चढतंय, कुणाजवळ ओझं आहे ते पाहा, आणि मग थांबा किंवा सरळ चाला.

तेव्हा पुढच्या सहलीसाठी आमची सूचना. अरुंद वाटेवर एकामागे एक चालू या. पुढच्यानं कुणी येताना दिसलं की मागं सांगावं. आपण घोळक्यात असू तर चढावरही एकट्या माणसाला आधी जाऊ द्यावं. बाजूला व्हायचं ते वाटेच्या कडेला, रानात शिरून नव्हे; वसंतात तिथं ट्रिलियम फुलतात, आणि त्या रोपाला पहिलं फूल यायला कित्येक वर्षं लागतात. आणि उन्हाळ्यात येणाऱ्या आईवडिलांना पहिल्याच दिवशी "ऑन युवर लेफ्ट"चा अर्थ सांगावा. हळद वाचेल!

अण्णा परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा गॅलप पार्कला गेलो. मागून हाक आली. अण्णा उजवीकडेच राहिले, आणि न वळता त्यांनी एक हात वर केला. सायकलवाली मुलगी "थँक यू, सर!" म्हणत निघून गेली. अण्णा म्हणाले, "बघ, सर म्हणाली. शाळा सोडल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं."

बरंय मंडळी, पुढच्या अंकात भेटू. तोवर चालत राहा, उजवीकडून!