इम्युनिटी वाढवू नका, प्लीज!

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या घरी च्यवनप्राशचे तीन डबे जमा झाले. एक काकूने दिलेला, एक शेजारच्या आजींनी आणि तिसरा (सांगायला लाज वाटते) मी. ताईला एमएस झालाय, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, हे कळल्यावर सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला होता : पोरीची इम्युनिटी कमी झाली.

ताई एकतीस वर्षांची. आयटीत नोकरी, रविवारी सिंहगड. एक दिवस डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं, तिला वाटलं स्क्रीनचा ताण. मग पायांना मुंग्या. मग एमआरआय. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीतच गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. म्हणजे बघा, तुमच्या-माझ्याच वयाची गिऱ्हाइकं!

डबा हातात घेऊन ताई हसली. "अगं, माझी इम्युनिटी कमी नाहीये. ती जरा जास्तच उत्साही आहे. माझ्याच मेंदूवर सुटलीये."

भानगड अशी आहे. चार्जरच्या वायरवर असतं तसं आपल्या नसांवर मायलिनचं आवरण असतं. एमएसमध्ये शरीराच्या संरक्षक पेशी तेच कुरतडतात. सोसायटीच्या वॉचमनने चोर सोडून रहिवाशांनाच बडवावं, तसं. बरं, सगळ्या वॉचमनना काढून टाकावं, तर खरा चोर आल्यावर काय? म्हणून औषधवाल्यांपुढचा खरा प्रश्न : यातला नेमका कोण धरायचा?

कित्येक वर्षं संशय एकाच पेशीवर होता. टी-सेल. प्रयोगशाळेत आजारी उंदराच्या टी-सेल निरोगी उंदरात सोडल्या की त्यालाही तसाच आजार व्हायचा. आणखी काय पुरावा हवा? मग त्यांची वाट अडवणारी औषधं आली. नॅटॅलिझुमॅब या पेशींना रक्तातून मेंदूत शिरू देत नाही. अमेरिकेत ते २००४ मध्ये मंजूर झालं आणि तीनच महिन्यांत मागे घ्यावं लागलं. कारण मेंदूत पहाराच उरला नाही, आणि एरवी निपचित पडून असलेल्या एका विषाणूने काही पेशंटचा मेंदू पोखरला. २००६ मध्ये ते कडक अटींवर परत आलं. २०१० मध्ये आलेली फिंगोलिमॉडची गोळी या पेशींना लसिकाग्रंथींमध्येच अडकवून ठेवते. थोडक्यात, वॉचमनला केबिनमध्ये कोंडायचं.

आणि मग कथेत ट्विस्ट आला. सॅन फ्रान्सिस्कोचे स्टीफन हाऊजर म्हणत होते की दुसऱ्याच पेशीकडे बघा. बी-सेल. त्यांच्या गटाने कॅन्सरवरचं रिटुक्सिमॅब १०४ एमएस पेशंटवर तपासलं. निकाल २००८ मध्ये आला. औषध घेणाऱ्यांच्या मेंदूतले ताजे डाग ९१ टक्क्यांनी कमी!

पण गंमत पुढेच आहे. बी-सेलचं प्रसिद्ध काम म्हणजे अँटिबॉडीची तयारी. त्या प्रत्यक्ष बनवणाऱ्या पक्क्या पेशींना मात्र हे औषध हातच लावत नाही. कारण ज्या खुणेवरून ते बी-सेल ओळखतं, ती सीडी-२० नावाची खूण त्यांच्यावर नसतेच. अँटिबॉडी बऱ्याच अंशी तशाच राहिल्या, तरी आजार काही आठवड्यांत शांत. मग बी-सेलचा गुन्हा काय? तर कान भरणं! बी-सेल टी-सेलला 'हा बघ शत्रू' असं दाखवतात आणि भडकवतात. हात उचलणारा वॉचमन, पण त्याचे कान भरणारी दुसरीच. आता ही मंडळी आपल्याला नवीन आहेत का?

त्यातूनच आलेलं ऑक्रेलिझुमॅब २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पहिल्यापासून हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसवर मंजूर झालेलं ते पहिलंच औषध. पुढे २०२२ मध्ये हार्वर्डच्या गटाने एक कोटीहून जास्त अमेरिकन सैनिकांच्या नोंदी तपासल्या. एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. हा विषाणू जन्मभर लपून बसतो कुठे? बी-सेलमध्येच. (घाबरू नका, तो बहुतेक सगळ्यांच्या अंगात असतो, एमएस फार थोड्यांना होतो.)

ताईच्या न्यूरॉलॉजिस्टने रिटुक्सिमॅब सुचवलंय. अधिकृत मंजुरी एमएससाठी नाही, तरी भारतात अनेक डॉक्टर ते वापरतात. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने २००७ मध्ये त्याची देशी आवृत्ती काढली, म्हणून ते जरा आवाक्यात आलं. किंमत मात्र पैशांपलीकडेही आहे. आधी हिपॅटायटिस बी-ची तपासणी, लसी उरकून घेणं, मग संसर्गाची कायमची धास्ती. आणि गेलेली नस हे औषध परत आणत नाही. ते फक्त पुढची मारामारी थांबवतं. म्हणून ताईला घाई आहे.

"मग मी काय आणू?" मी विचारलं.

"काही आणू नकोस. सलाइन चढतं त्या दिवशी सुट्टी काढून शेजारी बस. आणि सर्दी झाली असेल, तर अजिबात येऊ नकोस."

सुट्टीचा अर्ज टाकलाय. च्यवनप्राश मीच संपवतेय. वॉचमन धडधाकट हवा ना!