गेटच्या आतलं जमैका

जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर फालमथ नावाचं छोटं बंदर आहे. २०११ साली तिथे क्रूझ जहाजांसाठी मोठा धक्का सुरू झाला. तेव्हा गावाची वस्ती जेमतेम आठ-नऊ हजार. 'ओअ‍ॅसिस' वर्गातलं एक जहाज पूर्ण भरलं, तर त्यावर सहा हजारांच्या आसपास प्रवासी असतात. म्हणजे गावाच्या दाराशी दुसरं गावच येऊन उभं राहतं. आणि त्यातली कित्येक माणसं पहिल्या गावात पाऊलही टाकत नाहीत! धक्क्याच्या कुंपणाआत दुकानं, दागिने, बार. नाहीतर बसमधून धबधबा, की परत जहाज. वर कॅप्शन : 'जमैका डन'.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सँडबॉक्स म्हणतो. आत सगळं खऱ्यासारखं चालतं, बाहेरच्या जगाशी संबंध शून्य. कुंपणाआतल्या इमारतीसुद्धा जुन्या जॉर्जियन धाटणीची नक्कल आहेत. अस्सल जॉर्जियन घरं गेटबाहेर, चालत काही मिनिटांवर. त्यातली बरीच मोडकळीला आलेली.

"उन्हात जुनी घरं काय बघायची?" असं विचाराल. ती कुणाच्या जिवावर उभी राहिली, ते बघायचं. १७६९ मध्ये वसलेलं हे बंदर साखरेवर गबर झालं आणि तो ऊस गुलामांनी पिकवला. न्यूयॉर्कच्या आधी आपल्याकडे नळाचं पाणी आलं, असं हे गाव अभिमानाने सांगतं. 'वॉटर स्क्वेअर' हे चौकाचं नाव त्या पाण्याचंच. आणि याच गावात, ३१ जुलै १८३८ च्या मध्यरात्री, पूर्ण स्वातंत्र्य मिळताना, विल्यम निब या मिशनऱ्याच्या चर्चमधल्या लोकांनी साखळदंड, गळपट्टा आणि चाबूक शवपेटीत घालून पुरले. यापुढे कुठला धबधबा टिकतो?

"पण क्रूझमुळे गावाला पैसा मिळतो ना?" पैसा पायांमागे जातो. पाय कुंपणातच फिरले, तर पैसाही तिथेच फिरणार. गेटबाहेर जेवलात, बाजारातून काही घेतलंत, तरच गावाच्या हाती थेट काही पडेल.

आता मुंबईहून गोव्याला क्रूझ जातात. आपणही उद्या कुणाच्या तरी दाराशी जहाजातून उतरणार आहोत. तेव्हा एवढंच करा : फोन खिशात, पाणी हातात, आणि गेट ओलांडा. आठ तासांत देश बघून होत नाही, हे खरं. पण एक छोटं गाव पायी नक्की बघून होतं. जिथे चाललोच नाही, ती जागा 'बघितली' म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.